दवण्याचे बीज

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे 18 किलोमीटरांवर, पन्हाळ्याच्या डोंगरापासून सुटलेली एक सोंड जिथे पुन्हा उंचावते, तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे 3,100 फुटांवर वाडी रत्नागिरी हे गाव वसले आहे. सरकारी कागदांत त्याचे हे नाव असले तरी अवघा मुलुख त्याला जोतिबाचा डोंगर म्हणूनच ओळखतो. या देवस्थानच्या दगडी वैभवाचा हिशेब बहुतांशी चोख सापडतो. कराडनजीकच्या किवळ गावच्या नावजी सयाने मूळ देऊळ बांधले अशी परंपरा आहे. त्या जागी आजचे केदारनाथाचे, म्हणजेच जोतिबाचे, मंदिर राणोजी शिंद्यांनी 1730 मध्ये उभारले. चोपडाईचे देऊळ प्रीतिराव चव्हाण हिंमतबहादरांनी 1750 मध्ये, रामलिंगाचे मालजी निळम पन्हाळकरांनी 1780 मध्ये आणि केदारेश्वराचे दौलतराव शिंद्यांनी 1808 मध्ये बांधले. शिंद्यांची दौलत उत्तर हिंदुस्थानात ग्वाल्हेरीपर्यंत विस्तारली, तरी त्यांची कुलदैवताची ओढ या डोंगराशीच राहिली, हे त्या काळ्या पाषाणाकडे पाहिले की कोणी सांगावे लागत नाही. परंतु ज्या वस्तूवाचून येथील चैत्रातली पूजा पुरी होत नाही, त्या वीतभर-हातभर उंचीच्या सुगंधी रोपाचा, दवण्याचा, मात्र ना कोणी कर्ता सांगता येतो, ना शक. त्याला ना सनद, ना इनामपत्र, ना शिलालेख.

चैत्री पौर्णिमेस डोंगरावर लाखोंचा समुदाय लोटतो. सातारा जिल्ह्यातील पाडळीच्या सासनकाठीचा पहिला मान. तिच्यामागून आपापल्या क्रमाने इतर गावांच्या काठ्या येतात. तीस फुटांच्या आणि त्याहूनही उंच अशा त्या बांबूंना चहूबाजूंनी ताणलेल्या दोरांनी तोलीत, कमरेच्या पट्ट्यावर काठी पेलून माणसे नाचू लागली, गुलालाने पायऱ्या, भिंती आणि माणसांचे चेहरे एकाच रंगाचे झाले आणि ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ हा घोष उठला, की सारे लक्ष आपोआप वरच्या बाजूस जाते. अशा वेळी मुद्दाम खाली पाहावे. पायरीच्या कडेला एखादी म्हातारी ओले गोणपाट अंथरून बसलेली असते. गोणपाटावर राखट हिरव्या, बारीक चिरलेल्या पानांच्या जुड्या. काड्यांच्या टोकाला मोहरीहून थोडी मोठी अशी पिवळसर बोंडे. गिऱ्हाईक थांबले की ती हातातल्या ओल्या फडक्याने जुडीवर दोन थेंब शिंपडते, आणि तेवढ्याने, गुलालाच्या धुरळ्यातूनही, किंचित कडवट आणि मागाहून गोड होत जाणारा तो वास वर येतो. एक जुडी खोबऱ्याबरोबर देवाच्या चरणी जाते, एक काडी पागोट्यात किंवा टोपीत खोवली जाते, आणि उरलेला दवणा घरी जाऊन देव्हाऱ्यात वाळतो.

या रीतीला शास्त्राचा आधार आहे. दवण्याचे संस्कृत नाव दमनक. दमन करणारा, असा त्या शब्दाचा अर्थ, आणि पुराणकथांनी त्याचे नाते मदनाचे दहन करणाऱ्या शिवाच्या कोपाशी जोडलेले आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध केलेल्या ‘धर्मसिंधु’त चैत्रातील दमनोत्सवाचे विधान आहे. शुक्ल द्वादशीस विष्णूला आणि चतुर्दशीस शिवाला दमनक अर्पण करावा, आणि आपापल्या तिथीस ज्यांचे राहून गेले त्यांनी पौर्णिमेस सर्व देवांना तो वाहावा, असा त्याचा आशय. शास्त्रकारांनी चुकलेल्यांसाठी ठेवलेली ही पौर्णिमा डोंगरावर मुख्य पर्वणी होऊन बसली. मात्र शास्त्राने तिथी ठरविली, तरी त्या तिथीस दवणा हजर करण्याचे काम शेतकऱ्याच्या गळ्यात पडले.

ते काम दिसते तितके सोपे नाही. चैत्रात फुलणारा दवणा पेरावा लागतो थंडीच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याचे बी इतके सूक्ष्म असते, की चिमटीत किती आले हे डोळ्यांना उमगत नाही. म्हणून ते ओल्या फडक्यात दोन दिवस बांधून मोड आणवितात, बारीक वाळूत मिसळतात आणि मऊ केलेल्या वाफ्यावर हलक्या हाताने विखुरतात. पाणी द्यायचे तेही झारीने, कारण पाटाचे पाणी सोडले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमा होईल. चार-पाच आठवड्यांनी रोपे उपटून एकेका वितीहूनही कमी अंतरावर लावतात. पुढे खुरपणी आणि बेताचे पाणी. बाकीचे काम थंडी आणि पहाटेचे दव करते. कडाक्याचे हिमतुषार त्याला सोसत नाहीत, पण कोरडी, स्वच्छ, दवाची थंडी त्याला मानवते. आणि फुलोऱ्याच्या सुमारास अवकाळी सर आली, तर सुगंधाचा निम्मा मामला तिथेच आटोपतो. पेरणीपासून सुमारे चार महिन्यांनी, बहुतेक बोंडे उमललेली असताना तो कापतात. दक्षिण हिंदुस्थानात याच पिकाचे तेल काढून ते परदेशी अत्तरवाल्यांकडे रवाना होते. डोंगराच्या परिसरातील दवण्याला मात्र जवळचे आणि ठरलेले गिऱ्हाईक आहे.

दमनक या नावावरून झाडांच्या दमनाची एक दूरची रीत आठवते. झाडाला लहान ठेवून मोठे करण्याची विद्या जपानने बोन्साय या नावाने जगप्रसिद्ध केली. आल्प्स आणि कार्पेथियनच्या उतारांवर बर्फाच्या भाराखाली वाकून झुडपासारखा वाढणारा मुगो पाइन त्या विद्येच्या उपासकांना विशेष प्रिय, कारण त्याच्या दमनाचा अर्धा भाग पर्वतानेच उरकलेला असतो. थंड मुलुखातले हे लोक हिवाळा आला की उथळ कुंडी जमिनीत पुरून ठेवतात, का, तर खोड गारठले तरी चालते, पण मुळे गोठता कामा नयेत. असा पाइन नीट सांभाळला तर मालकाच्या नातवापर्यंत पोचतो. मात्र एका उन्हाळ्यात पाणी चुकले, तर तीन पिढ्यांची मेहनत आठवड्यात वाळून जाते. नावातच दमन घेऊन आलेल्या आपल्या दवण्याला तर तेवढेही आयुष्य नाही. तो एका थंडीचा जीव. कापला की संपला.

पण त्याचे खरे दीर्घत्व दुसरीकडे आहे. दवण्याचे बी फार काळ टिकत नाही. मागच्या हंगामाचेच बी पेरावे लागते, त्याहून जुने उगवेलच असा भरवसा नसतो. म्हणून सारा वाफा यात्रेसाठी कापला जात असताना शेतकरी कडेची काही झाडे मुद्दाम उभी ठेवतो. ती उन्हात पिकतात, त्यांची बोंडे झाडून बी गाठोड्यात बांधले जाते, आणि ते गाठोडे पावसाळाभर दमटपणापासून राखून कार्तिकात पुन्हा उघडले जाते. राणोजींचे देऊळ 1730 पासून उभे आहे, कारण दगडाला दरवर्षी नव्याने उभे राहावे लागत नाही. दवण्याला ते दर कार्तिकात करावे लागते, आणि एखाद्या वर्षी सर्वजणच गाठोडे बांधायला विसरले असते, तर पुढच्याच चैत्रात केदारनाथापुढे रिकामे गोणपाट पसरले असते. तसे घडले नाही. पायरीवरच्या म्हातारीची शेवटची जुडी विकली जाते, ती गोणपाट झटकते आणि गुलालाने लाल झालेली गर्दी खाली उतरू लागते. त्या वेळी कुठल्याशा बांधाजवळ, कोणी न मागितलेली आणि कोणाला न विकलेली ती चार झाडे वाळत उभी असतात.