काउफमान : एक आडनाव, दोन मुळं

आकाशवाणीची ती सकाळची धून आठवते? आजीच्या रेडिओवरची? ती वॉल्टर काउफमान यांच्या नावावर आहे. १९३४ मध्ये युरोप सोडून मुंबईत आलेले ज्यू संगीतकार. आज त्यांच्या आडनावाबद्दल बोलूया.

जर्मनमध्ये काउफमान म्हणजे व्यापारी. 'काउफेन' म्हणजे विकत घेणं. ख्रिश्चन घरांत हे धंद्यावरून पडलेलं जुनं आडनाव, आपल्याकडच्या पोतदारासारखं. अठराव्या शतकातली प्रसिद्ध चित्रकार अँजेलिका काउफमान कॅथलिक होती.

ज्यूंकडे गंमत वेगळी. याकोब या नावाचं बोलीत कोपेल, कोपमान झालं आणि त्याचंच पुढे काउफमान. म्हणजे काही घरांत हा धंदा नाही, पूर्वज आहे! बहुतेक ज्यू तेव्हा वडिलांचं नाव लावायचे. १७८७ मध्ये ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने त्यांना कायमचं आडनाव सक्तीचं केलं, १८१२ मध्ये प्रशियाने. पुढे अमेरिकेत गेलेल्या कित्येकांनी शेवटच्या दोन 'न'पैकी एक गाळला.

थोडक्यात, नुसत्या 'काउफमान'वरून धर्म कळत नाही. नाझींनाही नुसत्या आडनावांवर भागेना. १९३८ मध्ये त्यांनी हुकूम काढला : ज्यांचं नाव सरकारी ज्यू यादीत नाही, अशा ज्यू पुरुषांनी 'इस्रायल' आणि बायकांनी 'सारा' हे जादा नाव लावायचं.

मलाही नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आडनाव काय?" प्रश्न साधा होता, पण रोख मला कळला. म्हणून हा भाग.