पोर्टेबल सक्शन मशीन चांगलं की नाही, हे कसं ओळखायचं?

बेशुद्ध माणसाला उलटी झाली, तर ती खोकून बाहेर टाकणं त्याला जमेलच असं नाही. घशात साचलेली उलटी किंवा रक्त फुप्फुसात उतरलं की श्वास कोंडतो आणि पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो. हे सगळं काही सेकंदांत खेचून घेण्याचं काम सक्शन मशीन करतं. हॉस्पिटलमध्ये ते बहुतेकदा भिंतीतल्या पाइपलाइनवर चालतं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बॅटरीवरचं किंवा हाताने दाबायचं यंत्र लागतं.

जाहिरातीत सहसा एकच आकडा ठळक असतो, तो म्हणजे दाब. नळी चिमटीत बंद केल्यावर ४ सेकंदांत काटा ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जायला हवा, असं आपत्कालीन सेवेच्या प्रशिक्षणात शिकवतात. पण नळी बंद असताना आतून काहीच वाहत नसतं. शहाळ्यातलं पाणी स्ट्रॉने सहज येतं, मलई मात्र अडकते. इथेही तसंच आहे. म्हणून मिनिटाला किती लिटर खेचलं जातं आणि नळी व टोक किती रुंद आहे, हे पाहावंच लागतं. अनेक ठिकाणी मशीन दमदार असतं आणि पुढचं टोक अरुंद, मग उलटीतलं शीत तिथेच अडकतं.

विजेवरच्या मशीनसाठीच्या आयएसओ १००७९-१ या मानकातली चाचणी जास्त बोलकी आहे. झँथन गमच्या दाट पाण्यात काचेचे बारीक मणी घालून नकली उलटी बनवतात आणि त्यातली २०० मिलि १० सेकंदांत खेचली जाते का, ते पाहतात. विक्रेत्याला या चाचणीचा निकाल विचारावा.

दाब कमी-जास्त करता येणंही गरजेचं आहे. गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी असलेल्या प्रौढ रुग्णाला साधारण ८० ते १५० मिमीच पुरतो. त्याहून जास्त दाबाने आतल्या नाजूक त्वचेला इजा होऊ शकते.

हाताच्या पंपाला चार्जिंग लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र त्याची बरणी लहान असते आणि दाबणारा हात दमतो. मुख्य मशीनची बॅटरी दगा देईल तेव्हासाठी तो जवळ असावा.

घशात घट्ट अडकलेल्या घासासाठी मात्र हे यंत्र नाही. ऑनलाइन मिळणारी ‘अँटी-चोकिंग’ उपकरणंही वेगळी. शुद्धीत असलेल्या मोठ्या माणसाचा घास अडकला, तर आधी पाठीवर थापा आणि पोटावर झटके, हाच क्रम पाळायचा. अशा वेळी आधी प्रथमोपचाराच्या प्रस्थापित पद्धतीच वापरा, असं अमेरिकेच्या एफडीएने २०२४ मध्ये बजावलं होतं.