कंपायलरचा संशोधक शिक्षक होतो तेव्हा: एका कारकिर्दीचा इतिहास

अण्णा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षी कंपायलर डिझाइन हा विषय असतो. चेन्नईत हा विषय शिकवताना दरवर्षी एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, यात पीएच.डी. केली तर पुढे नोकरी कुठे मिळणार?" माझे स्वतःचे शिक्षण पदव्युत्तर पदवीपर्यंतचे. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या अनुभवातून न देता मी एका संशोधक-शिक्षकाच्या कारकिर्दीतून देतो. ती कारकीर्द आहे प्रा. उदय खेडकर यांची.

संशोधनाचा प्रश्न

खेडकर यांनी 1986 मध्ये जबलपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून बी.ई. आणि 1989 मध्ये पुणे विद्यापीठातून एम.टेक. पूर्ण केले. पुढे आयआयटी मुंबईत प्रा. धनंजय धामधेरे यांच्याबरोबर त्यांनी डेटा फ्लो ॲनालिसिसवर काम केले.

त्या कामामागचा प्रश्न साध्या उदाहरणाने समजून घेऊ. प्रोग्राममध्ये एक इफ-एल्स आहे. इफच्या फांदीत a*b हा गुणाकार होतो, एल्सच्या फांदीत होत नाही. दोन्ही फांद्या एकत्र आल्यावर a*b पुन्हा काढला जातो. म्हणजे हा दुसरा गुणाकार एका वाटेने आल्यास अनावश्यक, तर दुसऱ्या वाटेने आल्यास आवश्यक आहे. 1979 मध्ये मोरेल आणि रेनव्होआझ यांनी यावर उपाय मांडला: एल्सच्या फांदीतही गुणाकार घाला, म्हणजे नंतरचा काढून टाकता येतो. मात्र तो कुठे घालावा हे ठरवण्यासाठी त्यांच्या पद्धतीत माहिती प्रोग्राममधून पुढे आणि मागे अशी दोन्ही दिशांनी वाहते. एकाच दिशेच्या विश्लेषणाला किती फेऱ्या लागतील याचा हिशोब तेव्हा माहीत होता. दोन दिशांच्या विश्लेषणाचा नव्हता. धामधेरे आणि खेडकर यांनी तो मांडला. त्यांचे निबंध 1993 मध्ये पॉपल परिषदेत आणि 1994 मध्ये टोप्लास या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

याच काळात, 1992 मध्ये, क्नूप, र्‍यूथिंग आणि श्टेफन यांनी 'लेझी कोड मोशन' ही पद्धत मांडली. तिने हाच गुणाकाराचा प्रश्न एकेका दिशेच्या विश्लेषणांत विभागून सोडवला. संशोधनात असे घडतच असते: आपण ज्या प्रश्नावर काम करतो, तो दुसरे कोणी वेगळ्या वाटेने सोडवते. माहिती प्रोग्राममधून कशी वाहते याची समज मात्र दोन्ही वाटांना लागते, आणि वर्गात शिकवायची असते ती हीच समज.

नोकरी

खेडकर 1994 पासून पुणे विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवू लागले, पीएच.डी. 1995 ची. ज्या विद्यापीठात एम.टेक. केले, तिथेच शिक्षक म्हणून 2001 पर्यंतची वर्षे गेली. त्यानंतर ते आयआयटी मुंबईत आले.

तिथे त्यांनी जीसीसीकडे लक्ष वळवले. 1987 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा मुक्त कंपायलर पुढे इतका वाढला, की केवळ पाठ्यपुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्याला त्यात शिरायला वाटच सापडत नाही. ही वाट दाखवण्यासाठी आयआयटी मुंबईत जीसीसीवरील कार्यशाळा घेतल्या गेल्या. 2009 मध्ये अमिताभ सन्याल आणि बागेश्री यांच्यासह लिहिलेले 'डेटा फ्लो ॲनालिसिस: थिअरी अँड प्रॅक्टिस' हे पुस्तक आले.

पुढची पिढी

अमेय करकरे हे 2007 च्या एका टोप्लास निबंधात खेडकर आणि सन्याल यांचे सहलेखक. पुढे ते आयआयटी कानपूरमध्ये प्राध्यापक झाले. प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तिथे तयार झालेल्या 'प्रुटर' या प्रणालीत त्यांचा सहभाग आहे. प्रोग्रामचे विश्लेषण करणारी विद्या अशी पहिल्या वर्षाच्या वर्गापर्यंत पोहोचली.

तुमच्यासाठी

एआयसीटीईच्या नियमांनुसार अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी चालते. सहयोगी प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. लागते. आयआयटीत ती सुरुवातीपासूनच लागते. पण मुलाखतीत पदवीबरोबर आणखीही काही तपासले जाते. माझ्या पहिल्या मुलाखतीत मला फळ्यावर पार्सिंग शिकवायला सांगितले होते. व्याख्या तोंडपाठ होती, पण उदाहरण सुचेना आणि मी गप्प उभा राहिलो. ती नोकरी मिळाली नाही. तेव्हापासून प्रत्येक तासाची तयारी मी उदाहरणापासून करतो.

म्हणून विषय निवडताना नोकरीचा प्रश्न जरूर विचारा. त्याबरोबर हेही विचारा: माझा प्रश्न उद्या दुसऱ्या कोणी सोडवला, तर माझ्याजवळ शिकवण्यासारखे काय उरेल?

स्वाध्याय: वरील इफ-एल्सचा प्रवाह-आलेख काढा. गुणाकार एल्सच्या फांदीत घातल्यावर प्रत्येक वाटेवर तो किती वेळा होतो ते मोजा. फांद्या एकत्र येण्यापूर्वी a ची किंमत बदलली, तर काय होईल?