कपाट, जिना आणि रणगाडा

शाळेतले जुने लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर न्यायचे असते तेव्हा आपण काय करतो? आधी फळ्या काढतो, मग दारे उतरवतो. आणि तरीही जिन्याच्या वळणावर ते अडतेच. दुसऱ्या महायुद्धात अभियंत्यांपुढे नेमका हाच प्रश्न होता. फक्त कपाटाच्या जागी जीप किंवा रणगाडा होता आणि जिन्याच्या जागी विमान.

त्या युद्धात शत्रूच्या पिछाडीला हवेतून सैन्य उतरवले जाऊ लागले. पण छत्रीने उतरणारा सैनिक अंगावर पेलेल तेवढेच सामान नेऊ शकतो. तोफ ओढायला गाडी हवी, चिलखती गाड्यांशी गाठ पडली तर रणगाडा हवा. ही वाहने हवेतून कशी न्यायची?

प्रथम जीप पाहू. ब्रिटिशांचे हॉर्सा हे ग्लायडर, म्हणजे दुसऱ्या विमानाने दोराने ओढत न्यायचे बिनइंजिनाचे विमान, लाकडाचे होते. मालाचे दार त्याच्या बाजूला होते. जीप उतरत्या फळ्यांवरून वर चढवायची आणि आत शिरताच वळवायची. जीपचे वजन टनाहून थोडेच जास्त. ते ग्लायडरला पेलत होते. अडचण होती ती आकाराची. म्हणून पुढच्या बंपरची टोके कापली आणि स्टिअरिंगचे चाक झटकन काढता-घालता येईल असे केले. जे काढले त्यावाचून जीपचे फारसे काही अडत नव्हते.

रणगाड्याचे तसे नाही. त्याचे वजन मुख्यतः चिलखतात असते. आपण हिशेब करून पाहू. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट. एक चौरस मीटर पत्रा १४ मिलिमीटर जाड असेल तर त्याचे वजन सुमारे १०९ किलो भरते. ८० मिलिमीटर जाड असेल तर ६२४ किलो. हॅमिलकार या मोठ्या ब्रिटिश ग्लायडरची क्षमता होती आठ टनांच्या आसपास. त्यात बसणाऱ्या टेट्रार्क रणगाड्याचे वजन सुमारे साडेसात टन आणि चिलखत जास्तीत जास्त १४ मिलिमीटर. जर्मनांच्या ‘पान्झर-४’ रणगाड्याचे समोरचे चिलखत तेव्हा ८० मिलिमीटर होते.

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीत उतरवण्यासाठी वीस टेट्रार्क निघाले. उतरल्यावर जमिनीवर पसरलेल्या हवाई छत्र्यांच्या दोऱ्या अनेकांच्या पट्ट्यांत गुंतल्या आणि ते जागीच अडकले. उरलेले मुख्यतः टेहळणीसाठी वापरले गेले. ऑगस्टमध्ये बहुतेकांची जागा जड क्रॉमवेल रणगाड्यांनी घेतली.

अमेरिकेने एम-२२ हा रणगाडा मुळातच विमानासाठी आखला. ब्रिटिशांनी त्याला ‘लोकस्ट’, म्हणजे टोळ, हे नाव दिले. याचा बुरूज सुटा करता येई. मग धड सी-५४ विमानाच्या पोटाखाली टांगायचे आणि बुरूज आत ठेवायचा. युक्ती सुंदर, पण उतरल्यावर दोन्ही भाग जोडायचे तर सुरक्षित धावपट्टी आधीच हाती हवी. आणि ती मिळवण्यासाठीच तर रणगाडा हवा! शिवाय वजन सात-साडेसात टनांत बसवताना बुरूज यंत्राने फिरवण्याची सोय गेली, तोफ स्थिर ठेवणारे उपकरण गेले, पुढच्या मशीनगनही गेल्या. अमेरिकेने हा रणगाडा स्वतः लढाईत वापरलाच नाही. ब्रिटिशांनी २४ मार्च १९४५ रोजी ऱ्हाइन नदीपलीकडे हॅमिलकारमधून आठ लोकस्ट पाठवले. ठरलेल्या ठिकाणी त्यांतले चारच पोचले.

पुढे वाहन कापण्याऐवजी विमानच बदलले. शेपटीखाली मोठे दार असलेली मालवाहू विमाने आली. ऑक्टोबर १९६२ मध्ये भारतीय हवाई दलाच्या एएन-१२ विमानांनी एएमएक्स-१३ हे हलके रणगाडे लडाखमधील चुशूलला पोचवले. दाराचा प्रश्न सुटला होता, वजनाचा नव्हता. चुशूल सुमारे ४३०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश. म्हणजे पंखांना मिळणारा उचल-जोर कमी आणि इंजिनांची ताकदही कमी.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांना वरचा हिशेब ८ मिलिमीटर पत्र्यासाठी करायला सांगावा. मग विचारावे, वाचलेले वजन कुठे गेले? ते विमानाच्या खात्यात जमा झाले हे खरे. पण बंपरचे टोक कापणे वेगळे आणि चिलखत पातळ करणे वेगळे. पहिल्याची किंमत कारखान्यातच चुकती होते. दुसऱ्याची, त्या पातळ पत्र्याआड बसलेल्या दोन-तीन तरुणांना मोजावी लागते.