तळटीप : सरहद्दीवरची जहागीर

या कथेतली जहागीर, तिच्या आसऱ्याचे गाव आणि तिथली माणसे काल्पनिक आहेत. सरहद्द मात्र खरी. इंग्लंड आणि वेल्स यांच्यामधल्या या पट्ट्याला ‘मार्च’ म्हणत. १०६६ च्या विजयानंतर विल्यम राजाने चेस्टर, श्रूजबरी आणि हेरफर्ड येथे आपले भरवशाचे सरदार बसवले. पुढे इथल्या सरदारांना स्वतःचे किल्ले, स्वतःची न्यायालये असे खास अधिकार मिळाले. ते १५३६ च्या कायद्याने संपुष्टात आणले.

पहिल्या प्रकरणातली पडीक शिवारे ही अतिशयोक्ती नव्हे. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या महसुली पाहणीत सरहद्दीवरच्या कितीतरी गावांपुढे ‘ओसाड’ एवढीच नोंद आहे. अर्थात, अशा प्रत्येक गावात एकही माणूस उरला नव्हता असे समजू नये. तिथून महसूल येत नव्हता, इतकेच काही ठिकाणी अभिप्रेत असावे.

बांधील कुळाला आठवड्यातले ठरावीक दिवस, बहुधा दोन-तीन, धन्याच्या खासगी शेतात राबावे लागे. सुगीत त्याहून जास्त. मुलीच्या लग्नासाठीही त्याला धन्याकडे पैसे भरावे लागत. गावकारभारी (रीव्ह) सहसा याच कुळांपैकी असे. कथेत तो निर्दय वाटतो, पण वाचकाने त्याला इतक्या लवकर दोषी ठरवू नये, असे मला मनापासून वाटते. वर्षअखेरीच्या हिशेबात धान्य किंवा गुरे कमी भरली, तर ती तूट त्याच्याच अंगावर पडे.