दोन खुणांचा निर्णय

तान्हें बाळ आपलें दुखणें सांगूं शकत नाहीं. तें रडेनासें होतें, दूध ओढेनासें होतें, इतकेंच. घरांतील वडीलधाऱ्या बायका ह्या खुणा पिढ्यान्‌पिढ्या ओळखीत आल्या. परंतु कोणती खूण साध्या पडशाची आणि कोणती रक्तांत भिनलेल्या जंतुदोषाची, हें ठरविण्याचें माप त्यांच्या हातीं नव्हतें. तें माप महाराष्ट्रांतील खेड्यांनीं कसें मिळविलें, हा इतिहास मननीय आहे.

पूर्वींच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें काम आरंभिलें. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहावयास राजी होईनात. तेव्हां गांवानेंच निवडलेल्या बायकांना शिकवावें, असें ठरलें. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या. त्या जामखेडास येऊन शिकत व गांवीं परतून मुलांची देखभाल करीत. अक्षरओळख नसली तरी नजर तयार करतां येते, हें त्यांनीं सिद्ध केलें.

ह्या नजरेस आंकड्यांची जोड मिळाली ती गडचिरोलींत. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांना न्यूमोनियानें दगावणारीं मुलें दिसलीं. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, आणि त्यापुढें वर्षापर्यंतच्या मुलाचा ५० किंवा अधिक झाला, तर तें धोक्याचें लक्षण होय. पण मोजतां न येणाऱ्या बाईनें काय करावें? तिच्यासाठीं मण्यांची चौकट व एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ तयार झालें. दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबड्या मण्यास हात लागला, तर रोग ठरला.

पुढें नवजात अर्भकांचा प्रश्न आला. १९९३ ते १९९५ या काळांत तेथें जन्मलेल्या दर हजारांतील सुमारें ६२ अर्भकें पहिल्या महिन्यांतच जात. रुग्णालय दूर, आणि बाळंतिणीस व बाळास घराबाहेर काढण्यास घरचीं माणसें नाखूष. म्हणून १९९५ पासून ३९ गांवांत आरोग्यदूत स्त्रिया घरोघर जाऊं लागल्या. जंतुदोष ओळखून त्या जेंटामायसिनची सुईहि टोंचीत. खेड्यांतील बाईच्या हातीं सुई द्यावी काय, हा प्रश्न हलका नव्हता. परंतु न दिल्यास बाळास दुसरा आधारच नव्हता. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांमागें पूर्वीं सुमारें १७ दगावत. उपचारानंतर हें प्रमाण ३ च्या आंत आलें. १९९९ सालीं हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

ह्याच अनुभवांतून २००५ सालीं सात खुणांची कसोटी मांडण्यांत आली : चोखणें मंद किंवा बंद, रडणें क्षीण किंवा बंद, हातपाय लुळे, वांती किंवा पोटफुगी, अंग थंड, छाती आंत ओढली जाणें आणि नाळेचा जंतुदोष. यांपैकीं कोणत्याहि दोन एकाच वेळीं दिसल्या, कीं उपचार करावा. एकट्या खुणेवर विसंबलें तर निरोगी बाळांसहि औषध जाईल. अधिकांची वाट पाहिली तर वेळ निघून जाईल.

मोठ्या रुग्णालयांतील विद्वानांनाहि हाच पेंच पडला. ताप, नाडी, श्वास व रक्तांतील पांढऱ्या पेशी यांवर आधारलेली २००५ ची आंतरराष्ट्रीय व्याख्या साध्या तापाच्या मुलांसहि लागूं पडे. म्हणून २०२४ सालीं ‘फीनिक्स’ नांवाची नवी कसोटी आली. तींत श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणें व मेंदू यांच्या बिघाडास गुण देतात. जंतुदोषाचा संशय असून दोन गुण भरले, कीं निदान होतें. मात्र तिला यंत्रें व रक्ततपासणी लागते.

खेड्यांतील झोंपडींत तीं नाहींत. तेथें अजून आईची नजर, मोजलेला श्वास आणि वेळेवर ओळखलेल्या दोन खुणा, यांवरच एखाद्या बाळाचें आयुष्य अवलंबून असतें.