जहाजाचे नाव आणि गाव

२२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने मद्रासवर, म्हणजे आजच्या चेन्नईवर, तोफा डागल्या आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटल्या. तमिळ बोलीत धूर्त, धाडसी माणसाला 'एम्डन' म्हणतात, ते तेव्हापासून. पुढे २८ ऑक्टोबरला याच नौकेने खोटे चौथे धुराडे उभारले आणि ब्रिटिश युद्धनौकेचे सोंग घेऊन ती पेनांग बंदरात बेधडक शिरली.

युद्धात असे सोंग खपते. व्यापारात ते खपू नये याची तजवीज कायद्याने आधीच केलेली होती. १८९४ च्या ब्रिटिश कायद्यानुसार जहाजाचे नाव पुढील भागी दोन्ही अंगांस आणि नोंदणीच्या बंदरासह पिछाडीस लिहावे लागे. गडद रंगावर पांढरी वा पिवळी अक्षरे, उंची निदान चार इंच. अधिकृत क्रमांक मात्र मुख्य तुळईत कोरायचा. रंग खरवडता येतो, तुळई बदलणे तितके सोपे नव्हे! स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या कायद्यानेही ठळक व कायम खुणांचा आग्रह धरला.

चेन्नईच्या काशिमेडू बंदरातील मच्छीमार नौकांवरचा क्रमांक 'आयएनडी' व 'टीएन' या अक्षरांनी सुरू होतो. देश आणि राज्य दोन्ही त्यात आले. पण क्रमांक नौकेची साक्ष देतो, आतील माणसाची नव्हे. २००८ साली मुंबईवर चालून आलेल्या हल्लेखोरांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार नौका समुद्रातच बळकावली आणि तिच्या तांडेलाला ठार केले. नौका अस्सल होती, माणसे परकी होती. त्यानंतर किनारी राज्यांनी नौकांना ठरावीक रंग लावण्याची सक्ती केली आणि कोळ्यांच्या हाती छायाचित्र व बोटांचे ठसे असलेली ओळखपत्रे आली.